संगणकाच्या स्पीकरची दुरुस्ती: तीन दशकांचा मागोवा
संगणकाला जोडायच्या सुरुवातीच्या स्पीकरमध्ये बिघडण्यासारखे फारसे नव्हते. क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले. त्याच्या पहिल्या काही पिढ्यांत लहानसा ॲम्प्लिफायर कार्डावरच असे. प्लास्टिकच्या डबीत कोन, मॅग्नेट आणि दोन तारा, एवढाच स्पीकरचा संसार. तार तुटली की जोडायची, कॉइल जळाली की स्पीकर बदलायचा, आणि काम संपले.

इंटेलचे एसी-९७ मानक १९९७ मध्ये आले आणि पुढच्या काही वर्षांत आवाजाची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली. तिथून निघणारा सिग्नल स्पीकर हलवण्याइतका दमदार नसतो. ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर आधीही मिळत, आता ते अपरिहार्य झाले. भारतात घरोघरी पोहोचलेल्या २.१ (दोन लहान स्पीकर आणि एक वूफर) संचांच्या वूफरपेटीत बहुधा १२-०-१२ ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कॅपॅसिटर आणि टीडीए२०३० सारखा पाच पायांचा आयसी असे. टेपरेकॉर्डर उघडलेल्या कारागिराला ही मांडणी नकाशाशिवाय वाचता येई. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळत. दुरुस्तीला इतकी अनुकूल रचना पुढे पुन्हा आली नाही.

या पेट्यांच्या खोक्यांवर शेकडो वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा, छापलेला असे. प्रत्यक्षात टीडीए२०३० चार ओहमच्या स्पीकरला जेमतेम १४ वॅट देतो आणि त्याला अधिक-उणे १८ व्होल्टच्या वर वीज सोसत नाही. १२-०-१२ ट्रान्स्फॉर्मरमधून डायोडनंतर सुमारे १६ व्होल्ट मिळतात. जळालेल्याच्या जागी १५-०-१५ बसवला तर वीस व्होल्टच्या पुढे जातात आणि नवा आयसीही जातो. म्हणून ट्रान्स्फॉर्मर निवडताना आयसीची डेटाशीट पाहायची, खोके नाही.

काळाच्या ओघात सर्वांत आधी थकतात ते कॅपॅसिटर. त्यांच्यातला द्रव हळूहळू सुकतो, आणि दर १० अंश तापमान उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. ‘८५ अंश, २००० तास’ या प्रतीचा कॅपॅसिटर ४५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. वीज अखंड चालू राहिली तर साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. आणि ती अखंड चालू राहतही असे. काही संचांत तारेवरच्या कंट्रोलचे बटन फक्त ॲम्प्लिफायर बंद करी. ट्रान्स्फॉर्मर आणि कॅपॅसिटर भिंतीवरचे बटन बंद होईपर्यंत जागेच असत. आवाज पूर्ण कमी करूनही गुणगुण ऐकू येत असेल तर पहिला संशय कॅपॅसिटरवर घ्यावा. वरचा भाग फुगलेला नसला तरी कॅपॅसिटर निकामी असू शकतो. बदली १०५ अंशांची आणि किमान २५ व्होल्टची हवी. भाग जागच्या जागी धरणारा पिवळा गोंद तपकिरी पडला असेल तर तोही खरवडून काढावा, कारण जुना झाल्यावर तो वीज वाहू लागतो आणि पाय गंजवतो.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर क्लीनरने काही दिवस जाते. कार्बनची पट्टी झिजली असेल तर कंट्रोलच बदलावा लागतो, आणि तो लॉग प्रकारचा असावा. लिनियर बसवला तर बटन थोडे फिरताच आवाज उसळतो.

वूफरच्या कडेची फोमची रिंग बदलणे हे अधिक नाजूक काम. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत लवकर विरतो, त्यामुळे मुंबईत आणि कोकणात धोका अधिक. रबराची रिंग कितीतरी जास्त टिकते. नवी रिंग चिकटवताना कॉइल मॅग्नेटच्या फटीत नेमकी मधोमध राहायला हवी. त्यासाठी गोंद सुकेपर्यंत ३० हर्ट्झच्या आसपासचा मंद सूर देतात. घासल्याचा आवाज आला नाही, तर कोन सरळ बसला.

२०१० नंतर स्विचिंग पॉवर सप्लाय, क्लास-डी चिप आणि सूक्ष्म भागांचे बोर्ड आले. बिघाड शोधण्याऐवजी बोर्डच बदलण्याची रीत पडली. जुन्या लाकडी पेटीतले सर्व काढून तिथे तयार ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बसवणे हा त्याचाच विस्तार, पण त्यात नुकसान आहे. मूळ बोर्डवरचा फिल्टर आणि खर्जाची वाढ त्याच पेटीच्या आकारमानाला जुळवलेली असते. सर्वसाधारण तयार बोर्डाला ते ठाऊक नसते, आणि खर्ज पोकळ किंवा घुमणारा होतो. त्यापेक्षा मूळ बोर्ड नव्या कॅपॅसिटरांनी सावरावा आणि ब्लूटूथ रिसीव्हर फक्त त्याच्या इनपुटला जोडावा. त्या रिसीव्हरला वीज मात्र वेगळ्या चार्जरवरून द्यावी. पेटीतल्याच सप्लायवर चालवला तर ग्राउंडच्या सामाईक वाटेने त्याची शिट्टीसारखी कुरकुर स्पीकरमध्ये उतरते.