माउसचा बाण हलेना, तेव्हा

वायरलेस माउस संगणकाशी दोन प्रकारे जोडला जातो: सोबत मिळणाऱ्या नखाएवढ्या यूएसबी रिसीव्हरने किंवा ब्लूटूथने. दोन्हींच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्याच, पण जोडणीची रीत निराळी. म्हणून हातातला माउस कोणत्या प्रकारचा, हे आधी पाहावे.

पहिली तपासणी सेलची. माउस उलटा केला की पोटाशी चालू-बंदचे बटण दिसते. ते चालू असूनही दिवा लागत नसेल, तर सेल संपलेला किंवा उलटा बसलेला असतो. नव्या माउसमध्ये सेलवरची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेलेली असते. काही माउसचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तिथे नवा सेल घालून पाहावा.

रिसीव्हर बहुधा सेलच्या खणातच ठेवलेला सापडतो. तो त्या माउसशी कारखान्यातच जोडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या माउसचा रिसीव्हर सहसा चालत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंगसारख्या रिसीव्हरला मात्र सॉफ्टवेअरच्या मदतीने सहापर्यंत सुसंगत उपकरणे जोडता येतात.

डेस्कटॉपची खरी अडचण जागेची असते. रिसीव्हर टेबलाखालच्या कॅबिनेटच्या मागे खोचला, की माउस आणि तो यांच्यामध्ये पत्रा येतो. शेजारी यूएसबी ३.० ची हार्डडिस्क चालू असेल, तर तिच्यातून निघणारा रेडिओ-गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे दाखवून दिले होते. रिसीव्हर पुढच्या पोर्टमध्ये लावावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणावा. अडखळणारा बाण पुष्कळदा एवढ्यानेच सुरळीत होतो.

ब्लूटूथ माउससाठी संगणकात ब्लूटूथ हवे. अनेक डेस्कटॉपमध्ये ते नसते आणि वेगळा ॲडॉप्टर लावावा लागतो. असले तरी मागचे अँटेना न बसवल्यास सिग्नल क्षीण राहतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये जाऊन माउसची जुनी नोंद काढून टाकावी. मग माउसचे जोडणीचे बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावे आणि ‘ॲड डिव्हाइस’ निवडावे. तीन संगणकांशी जोडता येणाऱ्या माउसवर योग्य क्रमांक निवडलेला हवा. दुसरा माउस हाताशी नसेल, तर विंडोज आणि आय ही बटणे एकत्र दाबून सेटिंग्ज उघडतात. पुढचे काम टॅब, बाणांची बटणे आणि एंटरवर होते.

एवढे करूनही बाण जागचा हलला नाही, तर माउस दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तिथे चालला, तर दोष पहिल्या संगणकाच्या पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे; तिथेही चालला नाही, तर माउस किंवा रिसीव्हर बदलण्याची वेळ आली आहे.