झेब्र्यासारखी जहाजं

दोस्तांनो, आबाधुबी खेळताना पळणाऱ्या भिडूला चेंडू कसा मारता? तो जिथे आहे तिथे नेम धरलात, तर चेंडू त्याच्या मागून निघून जाणार. पुढच्या क्षणी तो जिथे पोचेल, तिथे मारावा लागतो. म्हणजे तो कुठल्या दिशेला आणि किती वेगानं पळतोय, हे आधी ओळखायला हवं. हो की नाही? पाणबुडीच्या कप्तानापुढेही हेच गणित असतं. फक्त त्याच्याकडे चेंडूऐवजी टॉर्पेडो असतो!

हे गणित चुकवायची युक्ती काढली एका चित्रकारानं. त्याचं नाव नॉर्मन विल्किन्सन. १८७८ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर समुद्र आणि जहाजं रंगवत राहिला. ‘टायटॅनिक’ तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपानकक्षात प्लिमथ बंदराचं एक मोठं चित्र लावलेलं होतं. ते विल्किन्सननंच काढलेलं. १९१२ साली तेही जहाजाबरोबर तळाशी गेलं.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि विल्किन्सन नौदलात दाखल झाला. इंग्लंडचं बरंचसं धान्य समुद्रमार्गे यायचं आणि जर्मन पाणबुड्या नेमकी तीच जहाजं बुडवत होत्या. १९१७ च्या एकट्या एप्रिल महिन्यात सुमारे साडेआठ लाख टनांची जहाजं बुडाली. त्यांवर माणसंही होती, बरं का. बंदुका नसलेले साधे खलाशी.

जहाज दिसेनासं करायचे प्रयत्न झाले होते. पण आभाळाचा रंग घटकेत बदलतो, शिवाय धुराड्यातून काळा धूर निघतो. मग ते लपणार कसं? त्याच वसंतात एकदा भल्या पहाटे, आगगाडीच्या गारठलेल्या डब्यात बसलेल्या विल्किन्सनला उलटंच सुचलं. जहाज लपवता येत नाही ना, मग दिसू दे! पण असं दिसू दे, की ते कुठे चाललंय हेच पाहणाऱ्याला कळू नये.

काळे, पांढरे, निळे, हिरवे तिरपे पट्टे. दोन्ही बाजूंना वेगळी नक्षी. त्यामुळे पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, जहाज सरळ जातंय की वळतंय, याचा पत्ता लागेना. विल्किन्सननं वर्षानुवर्षं चित्रातलं जहाज खरं वाटावं म्हणून मेहनत घेतली होती. आता तीच विद्या तो उलटी वापरत होता!

लंडनच्या रॉयल अकॅडमीत काम सुरू झालं. कलाशाळेत शिकलेल्या मुली लाकडी जहाजं रंगवायच्या. ती फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून बघायची, आणि डोळा फसला की तीच नक्षी कागदावर उतरवून बंदरात धाडायची. एकदा राजे पाचवे जॉर्ज आले. ते स्वतः नौदलात वाढलेले. पण त्यांनी सांगितलेली जहाजाची दिशा साफ चुकली!

युद्ध संपेपर्यंत सुमारे चार हजार व्यापारी जहाजं अशी रंगली. किती वाचली? खरं सांगायचं तर हे ठामपणे सिद्ध झालं नाही, कारण त्याच सुमारास जहाजं ताफ्यानं जाऊ लागली होती. मात्र रंगीत जहाजावरच्या खलाशांना धीर यायचा, हे नक्की. या कल्पनेच्या श्रेयावरून भांडणही झालं. जॉन ग्रॅहम कर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं झेब्रा-जिराफांचा दाखला देत १९१४ मध्येच नौदलाला पट्टे सुचवले होते. पण त्याला जहाज पुसट करायचं होतं, विल्किन्सनला पाहणाऱ्याला चकवायचं होतं. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात विल्किन्सननं विमानतळ लपवण्याचं काम केलं. सागरी लढायांची ५४ चित्रं काढली आणि ती देशाला देऊन टाकली. १९७१ साली, ९२ व्या वर्षी तो वारला.

त्या मुलींनी रंगवलेली काही लाकडी जहाजं लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं जपून ठेवली आहेत. त्यांचं छायाचित्र मिळालं, तर एक डोळा मिटून बघा आणि सांगा, जहाज कुठल्या बाजूला चाललंय?