41 चालींनंतर बरोबरी. तरी दिव्याचा ‘क्वीन्स गॅम्बिट’ का लक्षात ठेवायचा?

उमरेड : येथून सुमारे 45 किलोमीटरवरच्या नागपूरची दिव्या देशमुख 28 जुलै 2025 रोजी महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, हे साऱ्यांना ठाऊक आहे. मात्र, त्याआधी दोन दिवस जॉर्जियातील बाटुमी येथे अंतिम फेरीचा पहिला डाव बरोबरीत सुटला होता. जेतेपदाची गोष्ट या डावाशिवाय पुरी होत नाही.

नेमके काय घडले?

26 जुलैला पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या 19 वर्षीय दिव्याने अनुभवी कोनेरू हम्पीविरुद्ध क्वीन्स गॅम्बिट निवडला. देऊ केलेले प्यादे हम्पीने घेतले. गुंतागुंतीत दिव्याची बाजू वरचढ झाली. पण 14 व्या चालीला अचूकता हुकली आणि संधी निसटली. 41 चालींनंतर दोघींना अर्धा-अर्धा गुण मिळाला.

क्वीन्स गॅम्बिट म्हणजे काय?

पांढरा वजिरापुढचे प्यादे डी4 वर आणतो, काळा डी5 ने उत्तर देतो. मग पांढरा सी4 खेळून एक प्यादे देऊ करतो. काळ्याने ते घेतले, तर त्याचे मधले प्यादे बाजूला जाते आणि पटाच्या मध्यावर पांढऱ्याला मोकळीक मिळते.

प्यादे खरेच फुकट मिळते का?

नाही. पांढऱ्याने ई3 खेळताच त्याचा उंट त्या प्याद्यावर नजर ठेवतो. काळ्याने ते वाचवायला बी5 खेळले, तर पांढरा ए4 खेळतो. काळ्याने सी6 ने आधार दिला, की बी5 वर प्याद्यांची मारामारी होते आणि पांढरा वजीर एफ3 वर येऊन थेट कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखला जातो. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट गमवावा लागतो. म्हणजे तेलही गेले, तूपही गेले! म्हणूनच जाणकार खेळाडू सहसा ते प्यादे परत देऊन आपली मोहरी बाहेर काढतात.

अर्ध्या गुणाचे मोल किती?

दुसरा डावही बरोबरीत सुटला. त्यामुळे निकाल टायब्रेकवर गेला : प्रत्येकीला 15 मिनिटे आणि दर चालीला 10 सेकंद. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत राहिला. दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळत दिव्याने 2.5-1.5 अशी बाजी मारली. हम्पी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. हातचा डाव निसटल्यावरही पुढचे डाव शांत डोक्याने खेळता येतात, हे त्या बरोबरीने दाखवून दिले.