चूक कुणाच्या नावावर मांडायची?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-17 बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर सुखरूप टेकायची आणि मग वैमानिकच त्यांची चाकं आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर बसायचं, आणि ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारला की प्रकरण मिटायचं. 1943 मध्ये अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञानं शेरा वाचण्याऐवजी कॉकपिट पाहिलं. चाकांचा खटका आणि पंखांवरच्या फ्लॅपचा खटका शेजारीशेजारी होते, आणि दिसायलाही सारखेच. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असतात. दमलेला हात नेमका शेजारच्या खटक्यावर जायचा. सी-47 या मालवाहू विमानाच्या वैमानिकांकडून मात्र ही चूक होत नव्हती, कारण तिथली रचना वेगळी होती. चॅपनिसनं चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा बसवायला सुचवलं. न बघताही बोटांना फरक कळू लागला. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते, आणि तसा नियमच आहे.

एकाच ठिकाणी निरनिराळी माणसं तीच चूक करत असतील, तर दोष माणसांत नाही, मांडणीत शोधायला हवा. वापरसुलभतेचं सगळं शास्त्र या एका तर्कावर उभं आहे. या शास्त्राचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1994 मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व सांगतं की यंत्रात या क्षणी काय चाललंय हे वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही तर काय होतं, हे 28 मार्च 1979 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसलं. तिथली एक झडप उघडीच अडकली होती. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडप बंद करण्याचा आदेश गेला एवढंच सांगत होता. ती खरोखर बंद झाली का, हे सांगत नव्हता. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी वाहून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

यावर पहिला आक्षेप असा की माणसांना नीट प्रशिक्षण द्या, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. पण बी-17 चे वैमानिक आणि अणुकेंद्रातले कर्मचारी प्रशिक्षितच होते. शिवाय सर्वसामान्यांच्या वापराच्या वस्तूंसाठी कुणाकुणाला शिकवत बसणार? आपल्या मतदान यंत्रानं हा प्रश्न उलट बाजूनं सोडवला. मतदाराला वाचता येईलच असं त्यात गृहीत धरलेलं नाही. चिन्हाशेजारी निळं बटण आहे, ते दाबलं की लाल दिवा लागतो, आवाज होतो आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. आपण काय केलं, याची पावती मतदाराला तिथल्या तिथे मिळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळंच सोपं केलं तर माणूस बेफिकीर होईल, आणि जिथे थांबून विचार करायचा तिथेही सटासट बटणं दाबत सुटेल. हे खरं आहे. पण सुलभता म्हणजे निव्वळ वेग नव्हे. यूपीआयनं पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. तो थांबा मुद्दाम ठेवलेला आहे, आणि थांबवताना तो निर्णयाला उपयोगी माहितीही देतो. याउलट प्रत्येक पायरीवर ‘नक्की ना?’ विचारणारी चौकट चार दिवसांत न वाचताच ‘हो’ म्हणायची सवय लावते. म्हणून अडथळे किती, यापेक्षा ते कुठे आणि कशासाठी, हे महत्त्वाचं.

एखादा ऑनलाइन अर्ज शेवटच्या पानावर ‘माहिती अवैध’ म्हणून परत येतो, पण कुठला रकाना चुकला ते सांगत नाही, तेव्हा आपण स्वतःलाच अडाणी ठरवून मोकळे होतो. हा समज अर्ज बनवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो, कारण मग तक्रार होत नाही आणि अर्ज तसाच राहतो. अर्ज खुला करण्याआधी तो भरणाऱ्यांपैकीच पाच-सहा जणांना समोर बसवावं, मदत न करता नुसतं बघावं आणि ते जिथे अडतात ती जागा बदलावी. त्याला खर्च फारसा येत नाही; फक्त चूक आधी स्वतःच्या नावावर मांडून बघायची तयारी लागते.