उन्हावर पळणारी गाडी आणि आयएसआयचा शिक्का

सौर खेळण्यांचा छोटा उद्योग काढायला भोसरी-चाकणसारखी जागा शोधून सापडणार नाही. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या इथल्या वर्कशॉपांत प्लास्टिकचा मोल्ड बनवून मिळतो, मोल्डिंगही जॉबवर्कवर होतं; स्वतःचं यंत्र लगेच घ्यायला नको. मोल्ड मात्र महाग. म्हणून नमुना आधी हातानेच करावा, अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत टाकाऊतून खेळणी करत तसा, आणि उन्हात पळवून पाहावा. सिलिकॉनचा एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. मोटर फिरायला असे काही सेल ओळीने जोडावे लागतात. ट्यूबलाइटखाली गाडी बहुधा हलतही नाही. हे खोक्यावर ठळक छापा, नाहीतर पावसाळ्यात तक्रारी ठरलेल्याच!

खरी परीक्षा पुढे. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट होते. पण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. टोकदार कडा, सुटणारे बारीक भाग, रंगातलं शिसं, सगळं तपासलं जातं. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, परवान्याशिवाय असा माल विकणं सोडाच, बनवून ठेवणंही गुन्हा आहे.