ॲक्सिलरेटर जड होतो तेव्हा

आपल्या बडोद्यातल्या बऱ्याच ज्येष्ठ सभासदांकडे पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशी. गाडी आठवड्यातून एकदा दांडिया बाजारापर्यंत जाऊन येते, एरवी उभीच. अशा गाडीचा ॲक्सिलरेटर इतका हळूहळू जड होतो की ध्यानातच येत नाही. पण जे पेडल दाबायला जड जातं ते सोडल्यावर वर यायलाही अडू शकतं. खरा धोका तो.

आम्ही नोकरीभर बँकेत होतो. हिशेब जुळेना की फरक कुठल्या खात्यात आहे ते आधी शोधायचं, ही तिथली शिस्त इथेही उपयोगी पडते. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत पोलादी तारेची केबल असते, स्कूटरच्या क्लच वायरसारखी. तिचं दुसरं टोक थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला जोडलेलं असतं. दोष पेडल, केबल किंवा थ्रॉटल यांपैकी कुठे तरी असतो.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असतानाच करावी. आधी पायाखालची मॅट पाहा. सरकलेली मॅट किंवा एकीवर घातलेली दुसरी मॅट पेडल अडवते. हसण्यावारी नेऊ नका. २००९-१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे मॅट हे एक कारण होतं.

मग बोनेट उघडून केबल थ्रॉटलपासून सोडवावी आणि झडप हाताने फिरवून पाहावी. सोडताच ती स्प्रिंगने टपकन मिटली पाहिजे. सुरुवातीला चिकटून मग झटक्याने उघडत असेल, तर कडेला काजळीचा चिकटा बसला आहे. थ्रॉटल क्लीनरचा फवारा फडक्यावर मारून पुसावं. चाकूने खरवडू नये. झडप मोकळी असूनही पेडल जडच असेल, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बिजागरीत. केबलच्या तारा उसवल्या असतील किंवा ती मुडपली असेल तर सरळ नवी घालावी. काही मिस्त्री केबलमध्ये तेल सोडून देतात. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसते. नवी केबल बसवताना किंचित ढील ठेवून घ्यावी.

आताच्या बहुतेक गाड्यांत केबल नसते, पेडलला सेन्सर असतो. तिथे मॅट पाहावी आणि पुढचं काम वर्कशॉपवर सोपवावं.

चालत्या गाडीत पेडल अडकलंच, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा. पुन्हा पुन्हा दाबला-सोडला, तर थ्रॉटल उघडं असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावं. गाडी चालू असताना किल्ली मात्र काढू नये, स्टिअरिंग लॉक होतं. कडेला थांबून हँडब्रेक ओढला की मग इंजिन बंद करावं, आणि तिथून गाडी टो करूनच न्यावी.