दिशा ओळखणारे कान

आष्ट्यास आमच्या घरी या सुटीत आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ रंगला असता मुलांच्या आग्रहास्तव काकांनीही डोळ्यांस पट्टी बांधून घेतली. टाळी वाजे उत्तरेस आणि काका वळत दक्षिणेस! मुले हसली, आम्ही मात्र चरकलो. दोन वर्षांपूर्वी काकांचा डावा कान गेला. त्यांस ऐकू येते, परंतु हाक कोठून आली हे उमगत नाही. सांगलीच्या रस्त्यावर असे होणे जिवावर बेतावयाचे.

आवाज दोन्ही कानांस एकाच क्षणी पोचत नसतो. जवळच्या कानास तो अगोदर पोचतो, व दूरच्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने मागाहून. एवढ्याशा फरकावरून मन दिशा ताडते. एक कान गेला की ही तुलनाच खुंटते.

हेच तत्त्व शास्त्रज्ञांनी आकाशाकडे लावले आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. १४ थाळ्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या आवारात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. साऱ्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर भरतो. मधली जागा मोकळीच!

मग निभते कसे? वाचकांनी माजघरात करून पाहावे. सरळ रेषेत ०, १, ४ व ६ हातांवर चार वाट्या मांडाव्या. दोन-दोन वाट्यांमधील अंतरे मोजली, तर १ पासून ६ हातांपर्यंतचे प्रत्येक अंतर एकेकदा सापडते. हाताहातावर मांडत गेल्यास सात वाट्या लागत्या. दिशेच्या गणितास महत्त्व आहे ते जोड्यांच्या अंतरांचे. आणि ३० थाळ्यांच्या जोड्या होतात ४३५! शिवाय पृथ्वी फिरते तशी, ताऱ्याकडून पाहता, ही अंतरे पालटतात व उणिवा भरून निघतात. मात्र सर्व थाळ्या सारख्याच मोठ्या अंतराने मांडल्या, तर अनेक दिशा एकच उत्तर देतात. म्हणून मांडणी विषम हवी. विरळपणाने दृष्टी सूक्ष्म होते. ग्रहणशक्ती मात्र थाळ्यांच्या क्षेत्रफळाइतकीच राहते.

काकांस सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याचे ठरले आहे. तोवर रस्त्याने जाताना घरातील एकाने त्यांच्या डाव्या बाजूने चालावयाचे. या मानासाठी मुलांत आता पाळ्या लावाव्या लागतात.